दाजींनी मोजलेले उंबरठे

दवाखान्याच्या स्मरणिकेसाठी दाजींवर चार पानं लिहून द्या, असा निरोप मला तीन वेळा आला. पहिल्यांदा मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा नातीच्या बारशाचं. तिसऱ्यांदा कारण सुचलं नाही, तेव्हा फोनच उचलला नाही. आता डोळे चांगले आहेत, नात शाळेत जाते, आणि मला त्र्याहत्तरावं लागलं आहे.

त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे त्यांच्या गमती सांगायच्या, एवढीच लोकांची अपेक्षा असते. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या सांगता सांगता एका पानापाशी येऊन थांबावं लागतं, आणि त्या पानाचं काय झालं ते फक्त मला माहीत आहे. म्हणून इतकी वर्षं टाळलं.

आमचा दवाखाना विश्वस्त संस्थेचा. मोठी इमारत नांदेडला, दुसरी लातूरला, आणि जळकोट, किल्लारी, अर्धापूर अशा ठिकाणी लहान तपासणी केंद्रं. मी प्रशासकीय अधिकारी होतो आणि ते संगणक विभागाचे प्रमुख. मूळचे किल्लारीकडचे, पण नांदेड त्यांची सासुरवाडी. रुजू झाले त्या दिवशी आमच्या एका कारकुनानं ओळखलं, की हे आपल्या गल्लीतल्या ताईंचे यजमान, आणि 'या दाजी' म्हणून खुर्ची पुढे केली. महिन्याभरात ते सगळ्या दवाखान्याचे दाजी झाले.

त्यांनीही ते नातं अंगावर घेतलं. शिपायापासून हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येक पुरुष त्यांचा 'मेव्हणं'. आणि मेव्हण्याची करतात तशी थट्टा ते सर्वांची करत. एकदा आमच्या बड्या सर्जनांचा संगणक अडला. दाजींनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेव्हणं, तुमी पोट उघडायच्या आधी पेशंटचं खाणं बंद करताव का न्हाई?"

"करतो की."

"मग ह्याच्या पोटात एका दमात सतरा खिडक्या कशापायी कोंबून राहिलाव?"

त्या सर्जनांसमोर परिचारिका पाणी प्यायलाही घाबरत. पण ते हसले, आणि स्वतःच्या हातानं एकेक खिडकी बंद करू लागले.

सर्व्हर असलेल्या खोलीत दाजी चपला बाहेर काढून जात. आत गेल्यावर लेकराचा ताप बघावा तसा पालथा हात प्रत्येक यंत्राला लावत. भिंतीवर तापमानाचा काटा होता. त्याच्याकडे ते बघतही नसत. "त्यो खोलीचा ताप सांगतो, मशिनीचा न्हाई." मग एखाद्या यंत्रापाशी थांबून कान लावत आणि म्हणत, "ह्याच्या अंगात कणकण हाय. सांजच्याला बसतंय हे." बहुतेक वेळा ते बसायचं. आमचे तरुण अभियंते त्यांची नक्कल करायचे. नक्कल करता करता त्यांनाही पालथा हात लावायची सवय लागली, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

नव्या इमारतीत पाऊल टाकलं, की 'बाहेर कुठून पडायचं' हे दाजी आधी विचारत आणि मग आत येत. भूकंपात त्यांचं घर गेलं होतं. माणसं वाचली होती. ते कधी स्वतःहून बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

पण वडिलांविषयी भरभरून बोलत. त्यांचे वडील पाणाडे होते. विहीर कुठे खणावी, बोअर कुठे मारावा, हे सांगायला त्यांना निलंग्यापासून देगलूरपर्यंत बोलावणं यायचं. तळहातावर नारळ आडवा धरून ते रानातून चालत, आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करत.

"खरंच उभा राहतो का हो नारळ?" मी एकदा विचारलं.

"उभा ऱ्हातो की. बापाला वाटलं तिथं ऱ्हातो." दाजी डोळे मिचकावून म्हणाले. "मेव्हणं, नारळ लोकांसाठी असतो. बाप आदल्या दिशीच गावात जाऊन म्हाताऱ्या बायांपाशी बसायचा. कोणती विहीर कवा आटली, कोणत्या बांधावरचं गवत उन्हाळ्यात हिरवं ऱ्हातं, वारूळ कुठं हाय. बायांनी डोक्यावर पाणी वाहिलेलं असतं, त्यायला सगळं ठाऊक असतं. पण बायांनी सांगितलं म्हणून कोण विहीर खणतंय? मग दुसऱ्या दिशी नारळ."

ही गोष्ट मी पुष्कळांना हसत हसत सांगितली आहे. तिच्यात माझ्यासाठी काही होतं, हे मला कळलं नाही.

मी नांदेडला घर घ्यायचं ठरवलं तेव्हा दाजींना बरोबर नेलं. बिल्डर स्वयंपाकघरातल्या फरशा दाखवत होता. दाजी तडक गच्चीवर गेले, टाकी बघितली, खाली उतरले आणि समोरच्या घरातल्या एका आजीपाशी जाऊन बसले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा त्यांच्या हातात आजीनं दिलेली पेरूची फोड होती. "घ्या. घर चांगलं हाय. पण तळमजला घेऊ नका. गोदावरीला फुगवटा आला, की हिकडच्या नाल्या उलट्या वाहतेत." मी दुसरा मजला घेतला. पुढे एका पावसाळ्यात तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या गाद्या आमच्या गच्चीवर वाळत होत्या. म्हणजे स्वतःच्या घरासाठी मी दाजींचा शब्द ऐकला होता. हे नोंदवून ठेवतो.

आता त्या कामाविषयी.

सगळ्या केंद्रांतले रिपोर्ट, एक्स-रे, स्कॅन एकाच ठिकाणी साठवायचे, म्हणजे जळकोटला काढलेला फोटो नांदेडच्या डॉक्टरला तत्काळ दिसेल, अशी योजना दाजींनीच उभी केली होती. पण आमच्या खोलीत यंत्रं मावेनात, उन्हाळ्यात गारवा टिकेना, आणि वीज तर विचारूच नका. तेव्हा विश्वस्तांनी ठरवलं, की यंत्रं मुंबईला ठेवायची. तिथे या कामासाठीच बांधलेल्या इमारती असतात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. न जाणारी वीज, चोवीस तास गारवा, दारात पहारा. आपण आपली यंत्रं नेऊन त्यांच्या कपाटात ठेवायची आणि जागेचं भाडं द्यायचं. हैदराबाद आम्हाला जवळ होतं. पण अध्यक्षांची पसंती मुंबईला होती.

मी हे दाजींना समजावून सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "म्हंजी आपल्या म्हशी दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायच्या. हरकत न्हाई. पण गोठा बघायला गेलं की मालक चारा दाखवतो. आपण मूत कुठं वाहून जातंय ते बघायचं."

आम्ही दोघं मुंबईला गेलो. दोन जागा बघायच्या होत्या.

पहिली जागा खाडीच्या अंगाला, सगळी काचेची. आत शिरल्यावर कारंजं, सोफे, आणि अंगठा लावल्याशिवाय न उघडणारी पाच दारं. दाखवणारा तरुण कोटात होता आणि फार नम्र होता. त्यानं गारव्याची यंत्रं दाखवली, बॅटऱ्या दाखवल्या, गच्चीवरचे रेल्वेच्या इंजिनाएवढे जनरेटर दाखवले.

"ह्यायला डिझेल कुठून येतं?" दाजींनी विचारलं.

"बेसमेंटमध्ये टाकी आहे सर, पंपानं वर येतं."

"पंप बी तळघरातच?"

"हो सर. एकदम सेफ."

दाजी माझ्या कानाशी लागले. "मेव्हणं, पैलवान माडीवर आन् त्याचा घास विहिरीत."

मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. त्या कोटवाल्यापुढे आम्ही खेडवळ दिसू नये, याचीच मला जास्त काळजी होती.

बाहेर पडल्यावर गाडी बोलवायची सोडून दाजी फाटकावरच्या रखवालदाराशी बोलत उभे राहिले. पन्नाशीचा माणूस. दोन वाक्यांत दाजींनी त्याचं गाव ओळखलं.

"उदगीरकडचे का हो?"

"हाव. तुमी?"

"किल्लारी. पण सासुरवाडी नांदेड." मग जरा वेळ पाऊसपाणी, सोयाबीन, कुणाची पोरं कुठं शिकतात. आणि मग सहज विचारल्यासारखं, "पावसाळ्यात इथं पाणी येतं का?"

रखवालदाराचा चेहरा बदलला. "आमाला बोलायची परवानगी न्हाई साहेब."

"बोलू नका की. बोला म्हणलं का मी? नुसतं काठीनं दाखवा."

त्यानं काचेच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग हातातली काठी उचलून तिचं टोक फाटकाच्या खांबाला टेकवलं. माझ्या कमरेच्याही वर, चार बोटं.

मला वाटलं झालं, आता निघू. पण दाजी त्या रस्त्यानं चालत सुटले. दुपारचं ऊन, घामाच्या धारा, मी फाइल डोक्यावर धरून मागं. ते प्रत्येक दुकानापाशी थांबत आणि खाली वाकून उंबरठ्याला वीत लावत. लोक बघत होते. एका औषधवाल्यानं विचारलं, "काका, काय हरवलं काय?" दाजी म्हणाले, "न्हाई, सापडून राहिलंय." औषधवाल्याचा फ्रिज विटांवर चढवलेला होता. इस्त्रीवाल्याच्या टेबलाच्या पायांखाली दगड होते. किराणावाल्याचं सगळ्यात खालचं फळकूट रिकामं होतं, ऐन सणाच्या तोंडावर. एका चाळीतले विजेचे मीटर इतके उंच लावलेले होते, की रीडिंग घ्यायला स्टूल लागलं असतं.

"आपल्याकडं विचारतेत, पाणी किती फुटाला लागलं," दाजी कपाळ पुसत म्हणाले. "हितं विचारायचं, किती फुटावर आलं. हिशोब त्योच, उलटा धरायचा."

दुसरी जागा खाडीपलीकडे, कारखान्यांच्या वसाहतीत, चढावर. इमारत अशी, की आत काय आहे सांगितलं नसतं तर मी गोदाम समजलो असतो. कारंजं नाही, सोफा नाही. व्यवस्थापक सँडल घालून आला आणि जिना चढताना त्याला धाप लागत होती. डिझेलची टाकी जमिनीवर, पंप तिच्या शेजारी ओट्यावर. समोर चहाची टपरी होती. तिचा स्टोव्ह जमिनीवरच मांडलेला, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याच्या दुकानाला उंबरठाच नव्हता. दाजी उकिडवे बसले आणि त्यांनी दोन कप चहा प्यायला.

"मेव्हणं, म्हशी हितं बांधू."

परत आल्यावर त्यांनी अहवाल लिहिला. दोन पानं टाइप केलेली. त्यांत वीज, गारवा, जोडणी, सगळं व्यवस्थित मांडलेलं होतं, आणि त्यात दोन्ही जागा जवळपास सारख्याच ठरत होत्या. तिसरं पान त्यांच्या हातचं. वर 'उंबरठ्यांची नोंद' असं लिहून खाली चौदा ओळी. औषधाचं दुकान, दोन विती चार बोटं, फ्रिज विटांवर. इस्त्रीवाला, टेबलाखाली दगड. फाटकावरचा रखवालदार, नाव लिहीत नाही, काठीनं दाखवलं. आणि शेवटी: 'पहिल्या जागेच्या आसपासचे लोक पाणी येणार हे धरून राहतात. आपलं सामान तिथे ठेवू नये. दुसरी जागा घ्यावी.' अहवालाच्या वरच्या कागदावर त्यांची सही होती. ती सही करून ते पुतणीच्या लग्नाला किल्लारीला गेले.

सभेच्या सकाळी अध्यक्षांचा मला फोन आला. "जागा काचेची तीच ठरवायची. उद्घाटनाला मोठी माणसं बोलवायची आहेत, त्यांना काय गोदाम दाखवता? अहवाल तसा आहे ना?"

मी म्हणालो, "आहे, दादा."

खरं कारण मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि मला दोन वर्षं मुदतवाढ द्यायचा विषय त्याच सभेत होता. मी अहवालाची टाचणी काढली. तिसरं पान वेगळं केलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी एक ओळ टाइप करून घेतली, 'दोन्ही जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य, निर्णय विश्वस्तांनी घ्यावा', आणि टाचणी पुन्हा लावली. मनाला सांगितलं, की विश्वस्तांपुढे विती आणि बोटं वाचली गेली तर दाजींचंच हसं होईल. मी त्यांना वाचवतोय. हे मी दुपारपर्यंत मानतही होतो.

जागा काचेची ठरली. मुदतवाढही मिळाली.

लग्नाहून परतल्यावर दाजी माझ्या खोलीत आले. कपाळाला अजून हळदीकुंकू होतं, हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. लाडू टेबलावर ठेवून त्यांनी एकच विचारलं.

"तिसरं पान वाचलं का त्यायनी?"

मी म्हणालो, "वाचलं."

"वाचून बी तीच घेतली?"

"हो."

दाजींनी जरा विचार केला. "मग ठीक हाय. मालक हायेत. त्यायनी समजून घेतली म्हंजी आपलं काम झालं." आणि पुड्याची दोरी सोडून त्यांनी मला लाडू दिला. तो मी खाल्ला.

पान काढलं, ते एक वेळ कुणी घाबरट माणसाची चूक म्हणेल. पण तो 'वाचलं' हा शब्द मला कुणी उच्चारायला लावला नव्हता.

त्यानंतर दाजींनी त्या काचेच्या जागेत आमची यंत्रं अशी मांडली, जशी ती त्यांनीच पसंत केली होती. चपला काढून आत जायला तिथल्या लोकांनी मनाई केली, तेव्हा घरून नवे कोरे पायमोजे घेऊन गेले. उद्घाटनाच्या फोटोत ते कुठेच नाहीत. ते आत होते, पालथा हात लावत.

पुढचं दीड वर्ष सगळं छान चाललं. मग एका जुलैत मुंबईत दोन दिवस पाऊस थांबला नाही. आमच्याकडे आभाळ कोरडं होतं, पेरण्या खोळंबल्या होत्या, नांदेडच्या रस्त्यावर धूळ उडत होती, आणि इकडे दवाखान्यातला एकेक पडदा रिकामा होत गेला. मुंबईत तळघर भरलं होतं. गच्चीवरचे जनरेटर ठणठणीत होते, पण त्यांना डिझेल चढवणारा पंप पाण्याखाली होता.

तीन दिवस आम्ही आंधळे होतो. अर्धापूरची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या डोक्यातली गाठ वाढली का हे आधीच्या स्कॅनशी ताडून बघायचं होतं, आणि आधीचा स्कॅन दिसत नव्हता. तिला परत पाठवावं लागलं. लातूरला ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. कुणाचा जीव गेला नाही, हे आमचं नशीब. त्याला आमची व्यवस्था म्हणता येणार नाही.

त्या तीन दिवसांत दाजी बसलेले मी पाहिले नाहीत. ज्यांची तातडी होती अशा रुग्णांची यादी त्यांनी डॉक्टरांकडून तोंडी लिहून घेतली, एक जीप काढली आणि घराघरांत जाऊन जुन्या फिल्मा गोळा केल्या. देव्हाऱ्यामागून, पेटीतून, धान्याच्या कणगीवरून. एका घरी छातीचा एक्स-रे खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेला सापडला. दाजींनी तो काढून घेतला आणि तिथे पुठ्ठा बसवून दिला. तिसऱ्या दिवशी यंत्रं सुरू झाली तेव्हा ते सर्व्हरच्या जुन्या खोलीबाहेर जमिनीवर पाय पसरून बसले आणि मला म्हणाले, "मेव्हणं, त्या उदगीरवाल्याची काठी अंमळ कमीच पडली."

त्यांना अजून माहीत नव्हतं.

आठवड्यानं विश्वस्तांची सभा झाली. वर्तमानपत्रात बातमी आली होती आणि अध्यक्षांना नाव हवं होतं.

"ही जागा पसंत कुणी केली?"

फाइल उघडली गेली. "दाजी, ही सही तुमची का?"

दाजींनी फाइल जवळ ओढली. बोट ओलं करून पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. मग तिसऱ्यासाठी बोट पुढे गेलं आणि तिथे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा मागे येऊन दुसऱ्या पानाची शेवटची ओळ वाचली. कोपऱ्यावर टाचणीची जुनी भोकं होती, त्यांच्यावरून अंगठा फिरवला. आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कणकण असलेल्या यंत्रापाशी थांबून पाहत तसं.

ते पान शेजारच्याच खोलीत माझ्या खणात होतं. वीस पावलं. मी खुर्चीतून उठलो नाही.

"सही माझी हाय," दाजी म्हणाले.

"मग जिम्मेदारी कुणाची?"

"सही ज्याची त्याची."

एवढंच. त्यांनी मला का वाचवलं, की वाचवलंच नाही, मला फक्त संधी दिली आणि थांबून पाहिलं, हे मला आजही सांगता येत नाही. सभेत दोन-तीन क्षण शांतता होती. ती माझ्यासाठी होती, असं मला पुष्कळदा वाटतं.

त्यांना प्रमुखपदावरून काढून जळकोटच्या केंद्रावर पाठवलं. तिथे एक संगणक, एक फ्रिज, रक्ताचे नमुने घेणारी एक ताई. सभेच्या इतिवृत्तात 'जागेच्या निवडीत गंभीर हलगर्जी' असं लिहिलं गेलं. ते इतिवृत्त मीच लिहिलं. निघताना ते सगळ्या विभागांतून फिरले, सगळ्यांना मेव्हणं म्हणून मिठ्या मारल्या. माझ्या खोलीत आले, हात जोडले आणि म्हणाले, "येतो, साहेब."

त्या दिवसापासून मी साहेब.

जळकोटला त्यांनी केंद्राचं रूप पालटलं, असं सगळे सांगायचे. चढत्या उन्हात म्हातारी माणसं ताटकळतात म्हणून नमुने सकाळी सातलाच घ्यायला लावले. आणि फ्रिज विटांवर चढवला. 'दाजी, जळकोटात कुठला पूर?' असं कुणी विचारलं तर म्हणत, "पुराचं सोडा, फ्रिजला बी वाटू द्या की आपण मुंबईचे हाव."

मी तीन वेळा तिथे गेलो. पहिल्यांदा तपासणीच्या निमित्तानं, तेव्हा तपासणीच करून आलो. दुसऱ्यांदा मुदतवाढ संपल्यावर. दाजींच्या घरी ताईंनी ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, माहेरच्या गल्लीतल्या माणसांची चौकशी केली, आणि मी पोटभर जेवून परतलो. तिसऱ्यांदा ठरवूनच गेलो. तिसरं पान शर्टाच्या खिशात होतं.

दुपारची वेळ. केंद्र बंद झालं होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ते लातूरच्या पाण्याविषयी बोलत होते, नव्या बोअरवाल्यांना शिव्या देत होते. "ते हजार फूट जातेत आन् एका म्हातारीला विचारत न्हाईत." मी मान डोलावत होतो. मग ते थांबले.

"साहेब, तुमचा हात सारखा खिशाकडं चाललाय."

मी म्हणालो, "दाजी, मला तुमच्याशी..."

"ठाऊक हाय. ऱ्हाऊ द्या."

"नाही, मला बोलू द्या."

"साहेब, ऐका माझं. तुमी माफी मागितली, की मला माफ करावं लागंल. बायकोच्या माहेरचं माणूस दारात आल्यावर न्हाई कसं म्हणू? आन् खरं सांगू का, मला ते जमून न्हाई राहिलं. लई दिवस बघितलं जमतंय का. उगं तोंडानं हो म्हणंन, आन् मग आपल्या दोघांच्या मधी ते खोटं येऊन बसंल. त्यापरीस हे असं बरं हाय. तुमी येताव, भाकरी खाताव, मला बी बरं वाटतं. च्या घ्या, गार होऊन राहिलाय."

मी चहा घेतला. पान खिशातच राहिलं. परतताना मला हलकं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. वाटलं, त्यांनीच नको म्हटलं, आता आपला काय इलाज.

सहा वर्षांपूर्वी पौषात ते गेले. वर्तमानपत्र वाचता वाचता, बाकावरच. मी जळकोटला गेलो, ताईंना भेटलो, आणि तिथेही गप्प राहिलो.

आता स्मरणिकेत छापलं जावं म्हणून स्वच्छ लिहितो. मुंबईची ती जागा त्यांनी पसंत केली नव्हती. घेऊ नये असं त्यांनी लेखी कळवलं होतं. ते पान मी विश्वस्तांपर्यंत जाऊ दिलं नाही. मूळ पान या लेखासोबत संस्थेच्या कार्यालयात जमा केलं आहे, त्यावर त्यांचं अक्षर आहे. इतिवृत्तातली 'हलगर्जी' माझ्या नावावर लिहावी. आणि लेखाची प्रत घेऊन मी स्वतः ताईंकडे जाणार आहे. छापून आल्यावर नाही, आधी.

माफ करणं जमत नाही, ही दाजींची अडचण होती. कबूल करणं हे माझं काम होतं. त्या बाकावर मी ही दोन्ही एकच समजलो, कारण तसं समजण्यात माझी सोय होती. त्यांच्याकडून काहीही न मागता मला सांगता आलं असतं. दोन-तीन वाक्यं होती. दाजी, तिसरं पान मी काढलं. तुम्ही लाडू घेऊन आलात आणि विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. सभेत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हा मी उठलो नाही. मला माफ करू नका. फक्त ऐकून घ्या.